तिजोरीला दोन किल्ल्या, संगणकाला मात्र एकच चिठ्ठी

कारंजा (लाड), प्रतिनिधी

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघेही हजर असल्याखेरीज तिजोरी उघडत नाही आणि एकाने दुसऱ्याची किल्ली मागितली तर त्यात मैत्रीचा, वयाचा किंवा हुद्द्याचा प्रश्न येत नाही. किल्ली द्यायची नसते, एवढेच. कारंजा हे जुन्या बाजारपेठेचे गाव. कापसाच्या आणि धान्याच्या व्यवहारांत येथील कित्येक पिढ्या वाढल्या. कोऱ्या कागदावर सही करून ठेवू नये, रोकड मोजल्याशिवाय पावती फाडू नये, अनोळखी माणसाच्या हाती वही देऊ नये, या गोष्टी येथील मुनिमाला कोणत्याही शिबिरात शिकाव्या लागल्या नाहीत. दुकानात झाडलोट करता करताच तो त्या शिकला.

आता त्याच पेढीवरचा संगणक पाहावा. सकाळी जो आधी येईल तो तो सुरू करतो. परवलीचा शब्द सर्वांना ठाऊक असतो आणि नवीन आलेल्याला तो शोधावा लागू नये म्हणून पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला असतो. हे चित्र कोणा एका कार्यालयाचे नव्हे. पतसंस्था, शाळेचे कार्यालय, अडतीचे दुकान, दवाखान्याची खिडकी, सेवा केंद्र अशा कोणत्याही ठिकाणी थोड्याफार फरकाने ते दिसते. तिजोरीत असते तेवढीच, किंबहुना तिच्याहून मोठी रक्कम या संगणकातून रोज ये-जा करते. शेतकऱ्याच्या शेतमालाची पट्टी, ठेवीदाराची पुंजी, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, विधवेचे निवृत्तिवेतन हे सारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर असते.

कार्यालयीन संगणक सुरक्षेविषयी कर्मचाऱ्यांचे प्रबोधन हा विषय मोठ्या शहरांतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा आहे, असा समज लहान गावांत अद्याप आहे. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात घडलेल्या काही घटना पाहिल्या तर तो समज टिकत नाही. या घटनांतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. पुष्कळदा यंत्र फुटलेले नसते. कोणीतरी कोणाला तरी काहीतरी विनाचौकशी दिलेले असते.

साहेबांचा संदेश

सप्टेंबर २०२२ मधील पुण्याची घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही लशींचे उत्पादन करणारी जगातील अग्रगण्य कंपनी. तिच्या एका संचालकांच्या भ्रमणध्वनीवर ७ सप्टेंबर रोजी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आले. पाठविणाऱ्याने आपण मुख्य कार्यकारी अधिकारी अदर पूनावाला असल्याचे भासविले होते. काही बँक खात्यांत तातडीने रक्कम पाठवावी, असा मजकूर होता. वरिष्ठांची आज्ञा म्हणून ७ व ८ सप्टेंबर या दोन दिवसांत १ कोटी १ लाखाहून अधिक रुपये त्या खात्यांत जमा करण्यात आले. असा कोणताही संदेश पूनावाला यांनी पाठविलाच नव्हता, हे नंतर कळले. पुण्यातील बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि पुढे काहींना अटकही झाली.

या प्रकारात कोणताही विषाणू नव्हता आणि कोणीही सर्व्हर फोडला नव्हता. होता तो केवळ साहेबांचा धाक. आपल्याकडील कार्यालयीन संस्कृतीत साहेबांना उलट फोन करून "हा निरोप आपणच धाडला ना?" असे विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. भामटे नेमके हेच हेरतात. संदेशात घाई असते, गुप्तता असते आणि "मी बैठकीत आहे, फोन करू नका" असे एक वाक्य हमखास असते. सुशिक्षित, अनुभवी अधिकारी फसू शकतात, तर तालुक्याच्या गावातील पतसंस्थेचा लिपिक फसणार नाही असे कोण म्हणेल? अध्यक्षांचे छायाचित्र कोणालाही मिळते. ते व्हॉट्सअ‍ॅपवर लावून "अमुक खात्यात आरटीजीएस करा, मी संध्याकाळी सही करतो" असे लिहिले की बाकीचे काम सवय करते.

यावरील उपाय फुकट आहे. कोणत्याही संदेशावरून, मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर येवो वा ई-मेलने, पैसे पाठवायचे झाल्यास आधीपासून आपल्या वहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावयाची. संदेशात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पुरवठादाराने वा अडत्याने "आमचे बँक खाते बदलले" असे कळविल्यासही हेच करावयाचे. परंतु हा नियम लिपिकाने पाळावा असे वाटत असेल, तर तो अध्यक्षांनी, संचालकांनी स्वतः आपल्या तोंडाने सांगितला पाहिजे: "माझ्या नावाने असा निरोप आला आणि तुम्ही मला न विचारता पैसे पाठविले, तर चूक तुमची. विचारण्यासाठी मला झोपेतून उठविले, तर मुळीच रागावणार नाही." एवढे एक वाक्य वरिष्ठांकडून ऐकायला मिळाले, तर ते भिंतीवरच्या दहा भित्तिपत्रकांपेक्षा अधिक काम करील.

याउलट उदाहरण शेजारच्या देशातील आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर लांबविण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकी तपासयंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांनुसार, चोरांनी बँकेतील कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ई-मेल धाडले होते आणि त्यांना हल्लेखोरांनी तयार केलेला परिचयपत्राचा दुवा जोडला होता. पुढे ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला पोहोचले. श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावाने पाठविलेले २ कोटी डॉलर मात्र अडले, कारण तिच्या नावातील 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकून 'फँडेशन' असे पडले होते आणि मधल्या बँकेने त्याबद्दल खुलासा मागविला. एका शंकेची किंमत २ कोटी डॉलर झाली. शुद्धलेखनाकडे लक्ष देणारी माणसे कार्यालयात असावीत, असे आमच्या व्यवसायातील कोणीही आनंदाने म्हणेल.

पुण्याचे दोन धडे

कर्मचारी आणि माहिती यांचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम गाजला तो २००५ मध्ये. पुण्यातील एका कॉल सेंटरमधून अमेरिकेतील सिटीबँकेच्या ग्राहकांना सेवा दिली जात असे. तेथील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांचा विश्वास संपादून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळविले, असा आरोप होता. एप्रिल २००५ मध्ये अटका झाल्या. त्या वेळी जे प्रसिद्ध झाले त्यातील एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कर्मचाऱ्यांना आत-बाहेर जाताना झडती द्यावी लागे, कागदावर काही लिहून नेता येत नसे. म्हणून क्रमांक पाठ करून नेण्यात आले. दारावरचा पहारा कितीही कडक असला, तरी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीवर पहारा बसत नाही. ग्राहकाने आपला गुप्त क्रमांक बँकेच्या माणसालाही सांगू नये, हे वाक्य आज बँका रोज ऐकवतात, त्यामागे अशा अनेक घटना आहेत.

दुसरा धडा कॉसमॉस बँकेचा. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही पुण्याची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारपासून रात्रीपर्यंत अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साह्याने सुमारे १२ हजार व्यवहार होऊन ७८ कोटी रुपये काढले गेले. देशांतही २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठविण्यात आले. एकूण नुकसान ९४ कोटींहून अधिक.

हे घडले कसे, ते साध्या शब्दांत असे. एटीएममध्ये कार्ड घातले की "या माणसाला पैसे द्यावेत का?" असा प्रश्न बँकेच्या 'स्विच' नामक यंत्रणेकडे जातो आणि ती खातेवहीला विचारून उत्तर देते. चोरांनी मध्येच आपला बनावट स्विच बसविला. तो खातेवहीला काही न विचारता प्रत्येक प्रश्नाला "द्या" असे उत्तर देत राहिला. म्हणूनच ठेवीदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. फटका बँकेला बसला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. बनावट कार्डांनी रोख काढणाऱ्या साखळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरविले.

काउंटरवरच्या लिपिकाच्या जागरूकतेने हा बनावट स्विच सापडला असता असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वच दोष कर्मचाऱ्याच्या माथी मारण्याची एक सोयीस्कर पद्धत आहे, तिला येथे थारा देण्याचे कारण नाही. जून २०१७ मध्ये नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम 'नॉटपेट्या' या हल्ल्यामुळे विस्कळीत झाले. तो हल्ला पसरला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून. उरणच्या माणसाने त्यात काय करावे? आणि ३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार थांबले, ते त्यांना संगणक सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला म्हणून. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ती यंत्रणा खबरदारी म्हणून तोडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली. त्या बँकांच्या खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी काहीही चुकीचे केलेले नव्हते. तरीही ग्राहकांना उत्तरे त्यांनाच द्यावी लागली. अशा दिवशी काय सांगायचे आणि काय करायचे, हे त्यांना आधीच ठाऊक असणे हाही प्रबोधनाचाच भाग होय.

कॉसमॉसच्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ठरवून दिली. तीत यंत्रांच्या बंदोबस्ताबरोबर कर्मचारी आणि व्यवस्थापन यांच्या प्रबोधनाचाही स्वतंत्र विचार केलेला होता. ३१ डिसेंबर २०१९ ला बँकेच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार स्तरांची सविस्तर चौकट आली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या चौकटीत येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीतील. तेव्हा त्यांनी कोणाच्या परिपत्रकाची वाट न पाहता याच गोष्टी लागू कराव्यात, हे अधिक बरे.

सहीचे 'डोंगल' कोणाच्या हाती?

ग्रामीण भागातील सरकारी व निमसरकारी कार्यालयांत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली वस्तू म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचे छोटे यंत्र. कार्यालयांत त्याला सर्रास 'डोंगल' म्हणतात. दिसायला ते पेनड्राइव्हसारखे. अधिकारी दौऱ्यावर, सभेला किंवा रजेवर जातो. काम अडू नये म्हणून ते डेटा एंट्री ऑपरेटरच्या खणात राहते आणि त्याचा पिन क्रमांकही त्यालाच ठाऊक असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार या यंत्राने उमटणाऱ्या सहीला कागदावरील सहीइतकेच मोल आहे. म्हणजे हा कोऱ्या धनादेशांचा सही केलेला अख्खा गठ्ठाच. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही वा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरल्यास कलम ६६क अन्वये, म्हणजे इंग्रजी '६६-सी' अन्वये, तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास '६६-डी' अन्वये तेवढीच शिक्षा आहे.

अशा हयगयीतून काय होऊ शकते, ते शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०२५ च्या अखेरीस दिसले. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावावर तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे आढळून आले. ग्रामपंचायतीच्या नावाने असलेल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या लॉगिनचा गैरवापर झाल्याचा हा प्रकार होता. गुन्हा दाखल होऊन विशेष तपास पथक नेमले गेले. जबाबदारी कोणाची, ते तपास आणि न्यायालय ठरवील. परंतु एका लहानशा ग्रामपंचायतीचे लॉगिन राज्याबाहेरच्या टोळ्यांनाही किती मोलाचे वाटू शकते, हे कळण्यास एवढा आकडा पुरेसा आहे. "आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" हा लहान कार्यालयांतील नेहमीचा प्रश्न यापुढे विचारू नये.

याच्याच जोडीला बदली व निवृत्तीचा विषय येतो. कर्मचारी निवृत्त होतो तेव्हा निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात, कपाटाच्या किल्ल्यांचा पदभारही रीतसर लिहून घेतला जातो. त्याचे लॉगिन मात्र तसेच राहते. पदभाराच्या यादीत 'संगणकीय खाती व डिजिटल स्वाक्षरी रद्द केली' अशी एक ओळ वाढविणे आणि ती त्याच दिवशी भरणे, एवढेच करावयाचे आहे. कंत्राटी ऑपरेटर आणि महिन्यातून एकदा येणारा संगणक दुरुस्तीचा मुलगा यांनाही ही ओळ लागू व्हावी. विशेषतः त्या मुलाने दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून एनीडेस्कसारखे ॲप संगणकात टाकून ठेवले असेल तर. अशा ॲपचा वापर करून खात्यांतून पैसे पळविले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता.

परवलीच्या शब्दाची कहाणी

आता त्या पिवळ्या चिठ्ठीकडे वळू. कर्मचारी परवलीचा शब्द लिहून ठेवतात म्हणून त्यांना बोल लावला जातो; पण तो लिहून ठेवण्याची पाळी आणली कोणी? वर्षानुवर्षे नियम असा होता की, शब्दात मोठे अक्षर हवे, लहान अक्षर हवे, आकडा हवा, चिन्ह हवे आणि तो दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलायला हवा. या नियमावलीचा उगम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ मधील मार्गदर्शिकेत आहे. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या त्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले. ठरावीक मुदतीने सक्तीने शब्द बदलायला लावू नका, तो फुटल्याचा संशय आला तरच बदला, आणि चिन्हांच्या गुंतागुंतीपेक्षा लांबीला महत्त्व द्या, असे नवे धोरण सांगते.

कारण उघड आहे. दर महिन्याला बदल सक्तीचा झाला की माणूस गावाच्या नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे लावत जातो. ते ओळखायला चोराला एक मिनिट पुरते. त्यापेक्षा आपल्याच आठवणीतील, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडावेत. आजीच्या अंगणातील झाड, शाळेतील बाकाचा रंग, आवडते पक्वान्न आणि एखादे गाव. असा शब्द लांब होतो, लक्षात राहतो आणि चिठ्ठी लागत नाही. बँकेच्या कामाचा आणि स्वतःच्या ई-मेलचा शब्द एकच ठेवू नये, आणि जेथे भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ओटीपीची किंवा दुसऱ्या पडताळणीची सोय आहे तेथे ती सुरू करावी. ही तिजोरीची दुसरी किल्ली. ज्या संस्थेचे नियम अद्याप महिन्याच्या बदलाची सक्ती करतात, तेथे कर्मचाऱ्याने नियम मोडावा असे आम्ही सुचवीत नाही. नियम करणाऱ्यांनी ते नव्याने वाचावेत एवढेच.

पेनड्राइव्हविषयी फार लिहिण्याची गरज नाही. घरचा पेनड्राइव्ह कार्यालयात लावू नये, छपाईच्या दुकानातून आलेला तर मुळीच नाही. नकली सॉफ्टवेअरविषयीही तेच. संगणक 'अपडेट' मागतो तेव्हा "नंतर" हे बटण दाबण्याची सवय मात्र अधिक घातक आहे. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या 'वॉनाक्राय' विषाणूवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी "नंतर" म्हटले, त्यांतील पुष्कळांच्या फायली कुलूपबंद झाल्या.

नव्याने वाढलेला धोका आहे तो भ्रमणध्वनीचा. लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रणपत्रिका येते. ती चित्र वा पीडीएफ नसून एपीके नावाची फाईल असते, म्हणजे प्रत्यक्षात एक ॲप. ती बसविली की फोनवर येणारे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. वाहतूक दंडाच्या चलनाच्या किंवा शेतकरी सन्मान निधीच्या नावानेही अशा फायली फिरतात. फोन वैयक्तिक असला तरी कार्यालयाचा व्हॉट्सअ‍ॅप गट त्याच फोनवर असतो, बँकेचा ओटीपीही त्यावरच येतो, आणि त्या गटात नागरिकांच्या आधार कार्डांची, सात-बाराची, पासबुकांची छायाचित्रे बिनदिक्कत टाकलेली असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहितीच्या रक्षणाची वाजवी व्यवस्था न केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान संस्थेला कोणी एवढा दंड करणार नाही हे खरे. तथापि "गटावर टाका, बघतो" ही पद्धत आता केवळ गैरसोयीची राहिलेली नाही, ती बेकायदा ठरू शकते.

वर्षातून एकदाचे व्याख्यान

बहुतेक ठिकाणी प्रबोधन म्हणजे वर्षातून एकदा बाहेरचा वक्ता बोलावणे, चहा-बिस्किटे, हजेरीपटावर सह्या आणि छायाचित्र. एम.एस.-सी.आय.टी. सारख्या अभ्यासक्रमाने २००१ पासून राज्यातील लाखो लोकांना संगणक हाताळायला शिकविले, हे मोठेच काम झाले. मात्र तो एकदा उत्तीर्ण झाला की शिक्षण संपले, असे मानले गेले. फसवणुकीची रीत दर सहा महिन्यांनी बदलते, प्रमाणपत्र तेच राहते.

व्याख्यानाचा उपयोग किती, यावर परदेशांत अभ्यास झाले आहेत. स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक या विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतील १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने प्रयोग केला; तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना खोटे ई-मेल धाडण्यात आले आणि जे फसले त्यांतील काहींना तत्काळ शिकवणीचे पान दाखविण्यात आले. ती शिकवणी मिळालेले लोक पुढे कमी फसतील ही अपेक्षा फोल ठरली. उलट ते काहीसे अधिक फसले. मात्र "हा ई-मेल संशयास्पद वाटतो" असे कळविण्याचे एक बटण दिल्यावर कर्मचारी ते महिनोन् महिने न कंटाळता वापरत राहिले, आणि त्यांच्या सूचनांमुळे नवे हल्ले अल्पावधीत ओळखू आले. म्हणजे प्रत्येकाला तज्ज्ञ करण्याच्या खटाटोपापेक्षा, शंका आली की ती कोणाला तरी चटकन सांगता येणे अधिक उपयोगी.

तालुक्याच्या गावातील आठ-दहा माणसांच्या कार्यालयात असे बटण नसेल. पण त्याची गरजही नाही. एका कर्मचाऱ्याचे नाव ठरवावे. संशयास्पद संदेश आला की तो त्याला दाखवायचा, आणि त्याने तो इतरांना दाखवायचा. सोमवारी सकाळी कामाला लागण्यापूर्वी पाच मिनिटे, मागच्या आठवड्यात कोणाला कसला फोन आला, कोणती पत्रिका आली, एवढेच बोलावे. मराठीत बोलावे. सुरक्षेच्या बहुतेक सूचना इंग्रजीत येतात आणि न वाचताच सूचनाफलकावर लागतात. सफाई कामगार, शिपाई, रात्रीचा पहारेकरी यांनाही त्या पाच मिनिटांत बसवावे, कारण "मी इंटरनेट कंपनीकडून आलो, मागची खोली उघडा" असे म्हणणारा माणूस प्रथम त्यांनाच भेटतो.

सायबर स्वच्छता केंद्र हा केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' या संस्थेचा फेब्रुवारी २०१७ पासूनचा उपक्रम. त्याच्या संकेतस्थळावर विषाणू शोधून काढणारी साधने विनामूल्य मिळतात. खर्चाची सबब सांगणाऱ्या संस्थांनी येथून सुरुवात करण्यास हरकत नाही.

चूक झाल्यावर पहिला तास

एखादा कर्मचारी नको त्या फाईलवर टिचकी मारतो. पडदा क्षणभर काळा होतो, पुन्हा सुरू होतो. त्याला घाम फुटतो. अशा वेळी तो काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते आणि तो काय करील, हे त्याच्या साहेबाच्या स्वभावावर. मागच्या वेळी ज्याने चूक सांगितली त्याची सर्वांदेखत खरडपट्टी निघाली असेल, तर या वेळचा माणूस गप्प बसतो आणि संध्याकाळी घरी निघून जातो.

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला, तेव्हा महामंडळाने प्रसार थांबविण्यासाठी सर्व संगणक जाळ्यापासून तोडले. ऑनलाइन सेवा काही काळ ठप्प झाल्या. मात्र माहितीच्या प्रती वेगळ्या जाळ्यावर ठेवलेल्या असल्याचे महामंडळाने स्पष्ट केले होते. लहान कार्यालयासाठीही हाच क्रम. संशय येताच त्या संगणकाची इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे. संगणक बंद करण्याची वा सारे पुसून टाकण्याची घाई करू नये, कारण तपासाचा माग त्यातच असतो. नंतर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून परवलीचे शब्द बदलावेत. आणि आठवड्यातून एकदा घेतलेली माहितीची प्रत जर त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर असेल, तर ती प्रत नव्हे. तीही विषाणूबरोबर जाते. प्रत वेगळी, कपाटात, आणि तिच्यातून माहिती खरोखर परत येते की नाही हे वर्षातून दोनदा पाहिलेली असावी.

पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा आणि आपल्या बँकेस कळवावे. चोराच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठविता येते, आणि ती सरकायला फार वेळ लागत नाही. फोनपूर्वी व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील समोर ठेवावा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही करता येते, तसेच जवळच्या पोलीस ठाण्यात. कंपन्या आणि शासकीय संस्थांना ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत 'सर्ट-इन'ला कळविण्याचे बंधन २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे. सहा तास म्हणजे सकाळी अकराला घडलेली गोष्ट कार्यालय सुटण्याच्या सुमारास, पाचला, कळविलेली असली पाहिजे. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाच्या सभेत ठराव घेऊन नव्हे.